आमची कंपनी ठरलेली!

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी 'आमची कंपनी' असेल ना? छत्री तिचीच, रेनकोट तिचाच. दुकानदाराने दुसरं काही पुढे केलं की आपण नाक मुरडतो. आमच्याकडे हा मान बॅटरीच्या कंपनीला होता. बॅटरी म्हणजे हातात धरायची, उजेडाची.

त्यालाही कारण होतं. जुलै २००५ च्या महापुरात महाडच्या आमच्या घरात सावित्रीचं पाणी शिरलं, तेव्हा सासऱ्यांची तीन सेलची जड स्टीलची बॅटरी रात्रभर चालली. तिच्याच उजेडात आम्ही तांदळाचे डबे माळ्यावर चढवले. पुढे सासरे गेले, पण सासूबाईंचं म्हणणं कायम राहिलं, "बॅटरी घ्यायची तर ह्यांच्याच कंपनीची."

२०१८ मध्ये नवी घ्यायला गेले. कंपनी तीच, पण बॅटरी हलकी, प्लॅस्टिकची, चार्जिंगची. दुकानदार म्हणाला, "वहिनी, दुसरी एक दाखवू? पाण्यात पडली तरी चालते." मी बघितलीसुद्धा नाही. म्हटलं, "नको, आमची कंपनी ठरलेली आहे."

मग आली २२ जुलै २०२१ ची रात्र. लाइट गेले, मोबाइलची रेंज गेली, पाणी पायऱ्या चढू लागलं. सासूबाईंना धरून वर नेत होते. हातातल्या बॅटरीवर पाणी उडालं, ती दोनदा लुकलुकली आणि विझली. अंधारात सासूबाईंचा पाय चुकला आणि मनगट मोडलं. रस्ते पाण्याखाली, डॉक्टर कुठून आणणार? लाटणं लावून ओढणीने हात बांधला. उजेड मिळाला तो वरच्या बिऱ्हाडातल्या मुलाच्या डोक्याला बांधायच्या बॅटरीचा. तिच्या कंपनीचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही घरं गाडली गेली. त्यांच्यापुढे आमचं दुःख ते काय! पण पावसाळ्यात हाताशी असलेली वस्तू वेळेला चालणं किती मोलाचं असतं, ते तेव्हा कळलं.

आमचे हे म्हणाले, "डुप्लिकेट असेल." बघा, दोष सगळ्यांना द्यायचा, फक्त कंपनीला सोडून! मी कपाटातून खोका काढला. माल अस्सल होता. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाण्यापासून दूर ठेवा.' बनवणारा कारखानाही भलताच, नाव तेवढं आमच्या कंपनीचं. लिहिलेलं होतंच, मीच वाचलं नव्हतं. सासऱ्यांच्या बॅटरीवरचा विश्वास मी नुसत्या नावाला देऊन बसले होते.

पोलादपूरला माझ्या भावाचंही असंच झालं. दोन वर्षं कपाटात जपलेले 'आपल्या कंपनीचे' ट्रेकिंगचे बूट घालून तो प्रतापगडाला निघाला आणि अर्ध्या वाटेत तळवा भुगा होऊन पडला. या बुटांचे तळवे बरेचदा पॉलियुरेथेनचे असतात. दमट हवेत ते न वापरताही आतून कुजतात, मग कंपनी कोणतीही असो. आपल्या कोकणात तर दमटपणाला तोटाच नाही! निघण्याआधी तळवा वाकवून बघितला असता तर कळलं असतं. पण कंपनी चांगली, मग बघायचं कशाला?

आता मी आधी वस्तू बघते, मग नाव. बॅटरीवर 'आयपीएक्स-४' असेल तर ती उडालेलं पाणी सोसते. 'आयपीएक्स-७' असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. रेनकोट उलटा करून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का पाहते, कारण पाणी शिरतं ते शिवणीतून. कोणी बनवलं, कधी बनवलं, हे वाचते. पावती जपून ठेवते. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच.

सासऱ्यांची ती स्टीलची बॅटरी अजून देवघराच्या फळीवर आहे, सेल काढून ठेवलेली. ती आठवण आहे, ती तशीच राहील. पण गेल्या मे महिन्यात नवी बॅटरी आणली, तेव्हा सासूबाईंनी कंपनी विचारलीच नाही. नीट न वळणाऱ्या त्या हाताने बादली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आधी बुडवून बघ."