आईचा चेहरा रंगवताना

आईचं पोर्ट्रेट तिसऱ्यांदा काढतोय. आधी दोन्ही वेळा डोळे फार वर गेले आणि कपाळ उरलंच नाही. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं, तर डोळे साधारण मध्यावर येतात, आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा असते.

माणूस जवळचा असला की आपण समोरचं न बघता आठवणीतलं रंगवतो. त्यावर उपाय म्हणजे डोळे किलकिले करून बघणं. बारकावे विरतात, उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. आधी तेच मांडा; पापण्या शेवटी. फोटोवरून काढत असाल, तर फोनचा फ्लॅश नकोच, तो सावल्या पुसून टाकतो. आईला खिडकीशी बसवलं, एका बाजूने उजेड आला, तेव्हा कुठे गालाचा उठाव दिसला.

उजेडाचा असाच खेळ बघायचा, तर चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र जरूर बघा. त्यात हातात दिवा घेतलेली ती त्यांचीच मुलगी, गीता. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड चक्क जलरंगात आहे! मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे.

या रविवारी घरातल्या मोठ्यांना अर्धा तास खिडकीपाशी बसवा आणि पेन्सिल हातात घ्या.