एका मताचं गणित

७ मे २०२४ रोजी रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. नाव मालवणच्या यादीत आणि नोकरी मुंबईत, अशा चाकरमान्याला एका मतासाठी रजा, गाडीभाडं आणि रात्रभराचा प्रवास पडतो. निकालातला फरक होता ४७,८५८ मतांचा. मग माणूस येतो कशासाठी?

अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये हाच पेच मांडला. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, त्यामुळे निव्वळ हिशेबाने घरी बसणंच परवडतं. १९६८ मध्ये राज्यशास्त्रज्ञ रायकर आणि ऑर्डशूक यांनी त्या हिशेबात कर्तव्य बजावल्याचं समाधानही धरलं.

आणखी एक कारण म्हणजे शेजारी. अमेरिकेत मिशिगनमध्ये २००६ साली काही घरांना पत्रं गेली: कोणी मत दिलं, कोणी नाही, ते शेजाऱ्यांना कळवलं जाईल. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के, या घरांत ३७.८ टक्के झालं.

आपल्या वाडीत अशा पत्राची गरज नाही; बोटावरची शाई सगळ्यांना दिसते. ग्रामपंचायतीत तर समान मतं पडली की चिठ्ठी काढून निकाल लागतो. तिथे तुमचं एक मत नशिबाचा खेळ थांबवू शकतं. ते जरूर द्या.