फंड आला म्हणजे दाता झाला?

परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यातलं ताडकळस हे पोलीस ठाण्याचं, बाजार समितीचं गाव. अशा गावात शिक्षक किंवा एसटीचे चालक निवृत्त झाले की आधी शाल-नारळ मिळतो आणि मागोमाग पावतीबुकं दारात येतात. सप्त्याची वर्गणी, मंदिराचा सभामंडप, शाळेची कंपाउंड वॉल. "गुरुजीला काय कमी? फंड आला, पेन्शन चालू हाय!"

पहिला गैरसमज इथेच आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही. एसटीच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन तर कर्मचारी भविष्य निधीच्या १९९५ च्या योजनेतून येते. त्या योजनेत २०१४ पासून किमान रक्कम दरमहा १ हजार रुपये ठरलेली आहे. फंडाची रक्कम एकदाच येते आणि बऱ्याच घरांत ती मुलीच्या लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये जिरते. तेव्हा निवृत्त माणसाने वर्गणीला नाही म्हटलं म्हणून तो चिक्कू ठरत नाही.

पण याच्या नेमकं उलट टोकही खोटं आहे. दान श्रीमंतांनी करावं, पेन्शनवाल्याने गप्प बसावं, असं काही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले १९१४ मध्ये. महिला विद्यापीठ काढलं ते त्यानंतर, १९१६ मध्ये. पुढे १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी आणखी एक मंडळ स्थापन केलं. त्यासाठी ते वर्गणी मागत फिरले आणि स्वतःच्या बेताच्या पेन्शनमधूनही पैसे घालत राहिले.

अलीकडचं उदाहरण पुण्याचं आहे. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांची पेन्शन होती महिना १६ हजार. त्यांनी स्वच्छतेच्या कामासाठी दरमहा ५ हजार द्यायचं ठरवलं आणि पुढच्या तारखांचे ५२ चेक एकदम लिहून दिले. बेरीज होते २ लाख ६० हजार. एकरकमी एवढे पैसे त्यांना जड गेले असते. हप्त्याने ते जमलं.

"दान केलं की टॅक्स वाचतो" हेही सर्रास ऐकू येतं. आयकराची ही सवलत लोकांना '८०जी' या नावाने माहीत आहे. ती जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. रोखीने २ हजारांहून जास्त दिलं तर त्या दानावर सूट नाही. धान्य, कपडे, पुस्तकं दिली तर तीही हिशेबात धरत नाहीत. संस्थेकडे ८०जीची मान्यताही असावी लागते. गावच्या सप्त्याची पावती कितीही गुलाबी असली तरी त्या कामाची नाही. शिवाय नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे बहुतेक पेन्शनधारकांना वाचवायला कर उरतच नाही. त्यांनी टॅक्ससाठी दान करणं म्हणजे पाऊस नसताना छत्री घेणं. पावती मात्र घ्यावीच, कारण पैसा कुठे गेला हे विचारायला तोच आधार असतो.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज जमिनीचा. "शाळेला दोन गुंठे दिले, गावासमोर शब्द दिला." स्थावर मालमत्तेचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय कायद्याने पुरं होत नाही. शब्द देणारे गेले आणि सातबाऱ्यावर नाव त्यांच्या मुलांचं लागलं, तर शाळा अडचणीत येते. जमीन एकत्र कुटुंबाची असेल, तर हिस्सेदारांना बाजूला ठेवून एकट्याने ती देऊन टाकता येत नाही. विनोबांना भूदानाची पहिली १०० एकर जमीन १८ एप्रिल १९५१ रोजी हैदराबाद राज्यातल्या पोचमपल्लीत मिळाली. तेव्हा आपली परभणीही त्याच राज्यात होती. त्या चळवळीत पुढे देशभर लाखो एकर जमीन मिळाली, पण बरीचशी कागदपत्रांत आणि वादांत अडकून वाटपाविना पडून राहिली.

बँकेतल्या ठेवीचंही तसंच. "नॉमिनी म्हणून संस्थेचं नाव लावलं की झालं" असं समजू नये. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. आपल्या माघारी पैसा समाजाला जावा असं वाटत असेल तर इच्छापत्र करावं.

अमेरिकेत हॅटिसबर्ग गावच्या ओसिओला मॅकार्टी या धुणं धुणाऱ्या बाईंची गोष्ट इथे उपयोगी पडते. संधिवाताने काम सुटलं तेव्हा त्या ८७ च्या आसपास होत्या. बँकेतल्या माणसाने त्यांच्यापुढे दहा नाणी मांडली आणि बचतीचे वाटे करायला सांगितले. एक नाणं चर्चला, तीन नातेवाइकांना, उरलेली सहा गरीब विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाला. १९९५ मध्ये जाहीर झालेलं हे दान दीड लाख डॉलरचं होतं, तरी हयातभर आपल्या खर्चाला पैसे मिळत राहतील अशी सोय त्यांनी करून ठेवली होती.

आपल्याकडे असे वाटे साध्या कागदावरही लिहिता येतात. इच्छापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. सारख्या नावाच्या संस्था पुष्कळ असतात, म्हणून नावापुढे धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांकही लिहावा.