आज्ञावलीची स्वयंचलित परीक्षा व दोषसूचना

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथनजीक दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. केंद्र शासनाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः व २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. तिच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असावयाचा. असा संकेत यंत्राच्या गोंगाटातून निवडण्याचे काम संगणकाच्या आज्ञावली करतात. म्हणून आरशांच्या निर्दोषतेइतकेच आज्ञावलींच्या निर्दोषतेलाही महत्त्व आहे.

लायगोच्या शास्त्रज्ञांचा ‘लाल-स्वीट’ नामक आज्ञावलीसंग्रह अनेक घटकांचा आहे व तो अनेक हातांनी लिहिला गेला आहे. मूळ घटकात एकाने केलेल्या फेरफाराचा दोष दुसऱ्याच्या घटकात प्रकट होऊ शकतो. यास्तव ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ ही पद्धती अवलंबिली जाते. फेरफार सामाईक भांडारात येताच एक संगणक कोऱ्या परिस्थितीत संपूर्ण बांधणी पुन्हा करतो आणि ठरलेल्या चाचण्या घेतो. परीक्षेचा क्रम भांडारातीलच एका फाइलीत लिहिलेला असल्यामुळे नियमांत झालेल्या बदलांचीही नोंद राहते.

भाषेच्या अभ्यासकास या परीक्षेच्या पायऱ्या परिचित वाटतील. प्रथम लेखनाचे नियम पाळले आहेत की नाहीत, हे पाहतात; नंतर मजकुरातून चालू शकणारी आज्ञावली बांधली जाते की नाही, हे; आणि शेवटी तिचे उत्तर बरोबर आहे की नाही, हे. व्याकरणशुद्ध वाक्यही निरर्थक असू शकते. तद्वत् निर्वेध बांधली गेलेली आज्ञावलीही चुकीचे उत्तर देऊ शकते. म्हणून ठरावीक वस्तुमानांच्या दोन कृष्णविवरांची लहर काढून ती पूर्वी सिद्ध झालेल्या लहरीशी ताडून पाहता येते व दोहोंतील अंतर किती चालेल, हेही आधीच ठरवितात. अल्पावधीत होणाऱ्या चाचण्या अगोदर घ्याव्यात, म्हणजे सामान्य चूक लवकर उघड होते.

चाचणी फसली की सूचना जावयास हवी, ती प्रथम फेरफार करणाऱ्याकडे. कोणता फेरफार, कोणती पायरी व संगणकाने काय नोंदविले, एवढे तीत असावे. सर्वांस पाठविलेली सूचना कोणाचीच राहत नाही. कारणावाचून अधूनमधून फसणारी चाचणी तर त्याहून घातक. तिच्यामुळे खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष होऊ लागते. दोष दूर होईपर्यंत फेरफार मुख्य शाखेत घेऊ नये.

तथापि यंत्र विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचा संकेत अमेरिकेतील हॅनफर्डच्या वेधात स्वयंचलित रीतीने सापडला. लिव्हिंग्स्टनच्या वेधात मात्र त्याच सुमारास गोंगाटाचा एक झटका आल्यामुळे स्वयंचलित नियमाने तो भाग बाजूस सारला होता. शास्त्रज्ञांनी आलेख स्वतः पाहिला, तेव्हा तेथेही संकेत स्पष्ट दिसला. नियम लिहिल्याप्रमाणेच चालला होता. उणीव नियमात होती.

संकेताची नोंद जपून ठेवता येते व पुन्हा तपासता येते. पण त्या दिशेस दुर्बिणी वळविण्याची वेळ परत येत नाही. म्हणून दुधाळ्याचे वेध सुरू होण्यापूर्वीच आज्ञावलींची परीक्षा नित्याची झालेली असावयास हवी, आणि तिच्या सूचना वाचणारा मनुष्यही जागा असावयास हवा.