जिवाणूचा आकार कोण राखतं?

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या ‘द्रव्य आणि आकार’ या जोडीबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, मूर्तीला आकार मूर्तिकार देतो. जिवंत वस्तूला कोण देतं?" हा प्रश्न आज आपण एका जिवाणूलाच विचारू.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. लांबी साधारण २ मायक्रोमीटर, जाडी १. आकार कांडीसारखा. आत क्षार, प्रथिनं दाटीवाटीने भरलेली, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत घुसू बघतं आणि दाब वाढतो. तो दाब पेशीभित्तिका पेलते. फुटबॉलचं ब्लॅडर आणि वरचं चामडं आठवा, तसंच हे. ही भित्तिका म्हणजे पेप्टिडोग्लायकनची जाळी: शर्करांचे लांब धागे आणि त्यांना जोडणारे अमिनो आम्लांचे आखूड टाके. बाकीचं सगळं विरघळवून टाकलं तरी ही रिकामी जाळी कांडीच्याच आकाराची राहते.

म्हणजे उत्तर मिळालं? थांबा. जिवाणूला वाढायचं असतं. फुगलेल्या फुटबॉलचं चामडं हवा न सोडता वाढवायचं, तर जुने टाके उसवायला हवेत आणि त्याच वेळी नवे घालायला हवेत. उसवणारी विकरं वेगळी, शिवणारी वेगळी. आणि लांबी वाढावी, जाडी नाही, हे कोण बघतं?

२००१ मध्ये दुसऱ्या एका कांडीसारख्या जिवाणूत एमआरईबी या प्रथिनाचे धागे दिसले. हे धागे कांडीला आडवे लागतात आणि शिवणाऱ्या विकरांबरोबर तिच्याभोवती फिरतात. एमआरईबी बंद पाडलं तर ई. कोलाय गोल होत जातो. आता गंमत बघा. धागे आडवे लागतात कारण पेशीची वक्रता त्या दिशेला जास्त असते. म्हणजे आकार धाग्यांना दिशा देतो, धागे आकार घडवतात. मूर्तिकार वेगळा नाहीच!

तेव्हा आपण दोन गोष्टी वेगळ्या करू. आकार *धारण* करते ती भित्तिका. आकार *घडवते* ती उसवण्या-शिवण्याची अखंड क्रिया.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १९२८ मध्ये फ्लेमिंगना सापडलेलं पेनिसिलिन नेमकं शिवणाऱ्या विकरांना अडवतं. उसवणं मात्र चालूच राहतं. जाळी विरते, आतला दाब जिंकतो, जिवाणू फुटतो. पण जो जिवाणू त्या वेळी वाढतच नाही, त्याच्यावर पेनिसिलिनचा फारसा परिणाम होत नाही. असे तगून राहिलेले जिवाणू १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांनी नोंदवले होते.

आम्ही वर्गात आयुष्यभर ‘असणं’ आणि ‘होणं’ असे दोन शब्द फळ्यावर लिहीत आलो. या इवल्याशा जिवाला आहे तसं असण्यासाठी सतत होत राहावं लागतं, आणि तिथेच औषध त्याला गाठतं. हाच जिवाणू दुभागतो तेव्हा ‘तोच’ कोणता म्हणायचा, ते पुढच्या वेळी बघू.