दहा फुटांवर लोगो का फुटतो?

ढाणकीच्या एका वाचकाने विचारलं आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मंडळाचा लोगो मोबाइलवर ठसठशीत दिसतो, पण फ्लेक्सवर छापला की फुटतो. मशीन खराब आहे का?

मशीनचा दोष नाही. लोगो 300 पिक्सेल रुंद असेल आणि तो दहा फूट रुंद छापायचा असेल, तर एकेका पिक्सेलच्या वाट्याला एक सेंटिमीटर येतो. एवढे मोठे चौकोन रस्त्यापलीकडूनही दिसणारच. लोगो 'एचडी' करून देणारी एआय अ‍ॅप्स हल्ली जोरात आहेत. पण हरवलेला तपशील ती परत आणत नाहीत, अंदाजाने नवा भरतात. निसर्गदृश्यात ते खपून जातं, लोगोत नाही.

यावर खरा उपाय व्हेक्टर चित्राचा. त्यात रंगीत चौकोन नसतात, रेषा काढण्याची कृती असते. ठिपक्यांची रांगोळी आठवा. 'सात ठिपके, सात ओळी' ठाऊक असलं की तीच रांगोळी ताटाभोवती निघते आणि अंगणभरही. व्हेक्टरची रेषाही अशीच ठिपक्यांच्या आधाराने वळते. अवघ्या 12 ठिपक्यांत वर्तुळ होतं. ते काटेकोर वर्तुळ नसतं, पण दहा फूट व्यासालाही चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी!

या वक्राला जगभर 'बेझिए कर्व्ह' म्हणतात आणि मला त्याची खंत वाटते. रेनो मोटार कंपनीतले पिएर बेझिए थोर अभियंते होते, यात शंका नाही. पण त्यांच्या आधी, 1959 मध्ये, सित्रोएन कंपनीत पॉल द कास्टेल्जो यांना हेच वक्र काढण्याची रीत सापडली होती. कंपनीने ती गुपित ठेवली. बेझिएंचं काम प्रसिद्ध झालं आणि नाव त्यांचं लागलं. कास्टेल्जोंची रीत मात्र आलेखाच्या कागदावर पट्टी-पेन्सिलीने करून पाहण्यासारखी आहे. चार ठिपके मांडा, ओळीने तीन रेषांनी जोडा. तिन्ही रेषांचे मध्यबिंदू जोडले की दोन रेषा मिळतात, त्या दोन्हींचे मध्यबिंदू जोडले की एक. तिचा मध्यबिंदू वक्रावर असतो! मध्याऐवजी प्रत्येक रेषेच्या पाव भागावर खूण केलीत, तर वक्रावरचा दुसरा बिंदू हाती येतो. मोटारीच्या पत्र्याचे बाक या शाळकरी भूमितीतून निघाले. कास्टेल्जो 2022 मध्ये गेले, तेव्हा बातमी फारशी कुठे आली नाही.

फोटोवरून व्हेक्टर करणं, म्हणजे ट्रेसिंग, हा उलटा प्रवास आहे. वक्र दिसतो, ठिपके शोधायचे असतात. पीटर सेलिंजर या गणितज्ञाने 2001 मध्ये मोफत खुला केलेला 'पोट्रेस' हा प्रोग्राम आज इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरला जातो. तो काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरून फिरतो, तिथे बहुभुज बसवतो आणि प्रत्येक कोपऱ्याशी ठरवतो, इथे टोक ठेवायचं की वळण द्यायचं? चित्र लहान असेल तर दोन्ही सारखंच दिसतं. देवनागरीचा घात इथेच होतो. 'ळ'ची गाठ बुजते, 'क्ष'चं पोट भरतं, शिरोरेषेची चौकोनी टोकं गोल होतात.

म्हणून लोगोतली अक्षरं ट्रेस करूच नयेत. संगणकातले आजचे फॉन्ट मुळात व्हेक्टरच असतात. विंडोजमधला 'मंगल' घडवला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, ज्यांनी आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवली. रेषा कुठे जाड, कुठे बारीक, वळण कुठे सोडायचं हे ठरवण्यामागे त्यांची आयुष्यभराची साधना होती. धूसर फोटो ट्रेस करून ती हाती लागत नाही.

तेव्हा आधी मंडळाकडे मूळ व्हेक्टर फाइल (सीडीआर किंवा पीडीएफ) मागा. ती नसेल तर जुळता फॉन्ट शोधून नाव नव्याने टाइप करा आणि बोधचिन्ह तेवढं ट्रेस करा, तेही जमेल तितक्या मोठ्या चित्रावरून. नोड, म्हणजे रेषेवरचे ठिपके, खूप पडले असतील तर हाताने कमी करा, वक्र आपोआप सुधारतो. छापायला पाठवताना अक्षरं कर्व्ह करा, त्यांचं साध्या व्हेक्टर रेषांत रूपांतर करा, म्हणजे समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तरी बिघडणार नाही. मात्र त्याआधी नाव एकदा नीट वाचून घ्या, कारण कर्व्ह झालेल्या अक्षरांतली वेलांटी नंतर टाइप करून बदलता येत नाही.