डेटा कोणाच्या मापाने मोजायचा?

कर्जतजवळ भिवपुरीला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून खाली येते, टर्बाइन फिरवते आणि तयार झालेली वीज मुंबईच्या दिशेने जाते. १९२२ पासून हे केंद्र चालू आहे. आता एक साधा प्रश्न विचारू. केंद्रातून निघणाऱ्या तारांवर एक मीटर बसवला आणि त्याच तारांच्या मुंबईकडच्या टोकाला दुसरा, तर दोन्ही मीटर सारखाच आकडा दाखवतील का? नाही. वाटेत तारा तापतात, त्यात थोडी ऊर्जा खर्च होते आणि पलीकडचा आकडा कमी भरतो. दोन्ही मीटर निर्दोष, तरी वाचने वेगळी.

हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, इंटरनेटच्या वापराच्या मोजणीवरून होणारी भांडणे पुष्कळदा याच जातीची असतात. सगळीच मात्र नव्हेत. काही वेळा मीटर खरोखरच चुकतो. या दोहोंतला फरक कसा ओळखायचा, ते या लेखात पाहू.

एक कोडे

समजा, याच परिसरातल्या एका शाळेने महिन्याला १०० गिगाबाइटची योजना घेतली आहे. मर्यादा संपली की वेग एकदम घटतो आणि दहावीच्या वर्गाला दाखवायची चित्रफीत मध्येच अडकते. शिक्षकांनी महिनाभर उतरवून घेतलेल्या सर्व फायलींची नोंद ठेवली. विंडोज दाखवते त्या आकारांची बेरीज ८९.६ गिगाबाइट आली. कंपनी म्हणते, पूर्ण १०० वापरले. उरलेले १०.४ गिगाबाइट गेले कुठे?

पहिले उत्तर : एकक

‘किलो’ म्हणजे हजार, ‘मेगा’ म्हणजे दहा लाख, ‘गिगा’ म्हणजे शंभर कोटी, हे आपण विज्ञानात शिकवतो. संगणकाची स्मृती मात्र दोनाच्या घातांत वाढते. २ चा दहावा घात १०२४ आहे. तो हजाराच्या जवळ असल्याने संगणकाच्या लोकांनी त्यालाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. किलोला हा फरक २.४ टक्के असतो. पण पायरीगणिक तो वाढत जातो. मेगाला ४.९ टक्के, गिगाला ७.४ टक्के. दोनाच्या घाताने मोजलेला गिगाबाइट १,०७,३७,४१,८२४ बाइटचा असतो.

हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ साली दोनाच्या घातांसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे ठरवली. ती व्यवहारात फारशी रुळली नाहीत. विंडोज आजही दोनाच्या घाताने मोजते आणि ‘गिगा’च लिहिते. कंपनी दशमान गिगाबाइट मोजत असेल, तर तिचे १०० म्हणजे विंडोजचे ९३.१. इथेच ६.९ चा हिशेब लागला.

दुसरे उत्तर : पाकिटाचे वजन

इंटरनेटवरून फाइल अखंड जात नाही. तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घालून पाठवला जातो. पाकिटावर कोठून, कोठे, कितवा तुकडा वगैरे मजकूर असतो. नेहमीच्या मोठ्या पाकिटात फायलीचे १४६० बाइट मावतात. त्यांच्यावर पत्त्याचे २० आणि क्रम राखण्यासाठी २० असे ४० बाइट चढतात. स्थानिक जाळ्याच्या वेष्टणाचे आणखी १८. म्हणजे १४६० च्या मालासाठी १५१८ बाइट वाहून न्यावे लागतात. वाढ सुमारे ४ टक्के.

आता ९३.१ ला १.०४ ने भागा. उत्तर ८९.५ येते. कोडे जवळजवळ सुटले आणि कोणीही लबाडी केलेली नाही! शिक्षकांनी पत्रांचे वजन केले, कंपनीने पाकिटांसकट केले, तेही वेगळ्या वजनांनी.

तुकडे लहान असले तर पाकीटच मालापेक्षा जड होते. जी.७२९ या पद्धतीने आवाज पाठवताना एका पाकिटात २० बाइट आवाज आणि ४० बाइट मजकूर असे प्रमाण असू शकते. वाटेत हरवलेले पाकीट पुन्हा पाठवावे लागते. ते कंपनीच्या मोजणीच्या जागेनंतर हरवले, तर मोजले जाते दोनदा आणि तुम्हाला मिळते एकदाच. तारांतल्या गळतीचाच हा प्रकार. त्याखेरीज संगणक आणि फोन आपल्या नकळत स्वतःचे सॉफ्टवेअर अद्ययावत करत असतात. तो वापर खराच असतो, फक्त आपल्या वहीत नसतो.

मीटर खरोखर चुकतो तेव्हा

विजेच्या जुन्या मीटरवर ९९९९९ नंतर पुन्हा ००००० येते. मागचे वाचन ९९९९० आणि आजचे ००००५ असेल, तर वापर १५ युनिट, हे वाचन घेणाऱ्याला कळते. पण चाक मधल्या काळात दोनदा फिरले असेल तर? ते कळायला मार्ग नाही.

जाळ्यातल्या यंत्रांमध्ये बाइट मोजणारे गणक असतात. जुने गणक ३२ बिटांचे असत. त्यांची झेप ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत, म्हणजे सुमारे ४.२९ गिगाबाइट. पुढच्या बाइटला पुन्हा शून्य. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे सव्वा कोटी बाइट. या वेगाने हे चाक ५ मिनिटे ४४ सेकंदांत पूर्ण फिरते. वाचन दर पाच मिनिटांनी होत असेल तर निभावते. एक वाचन हुकले की ४.२९ गिगाबाइटचा वापर हिशेबातून गळू शकतो. इथे फायदा ग्राहकाचा.

उलटही घडते. समजा, मागचे वाचन ३०० कोटी होते. वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झाले, गणक शून्यावर आला आणि पुढच्या वाचनाला तो २ कोटी दाखवतो. हिशेब करणाऱ्या प्रणालीला यंत्र बंद पडल्याचे कळले नाही, तर ती समजते की चाक फिरून आले. मग ती १३१ कोटी बाइट वापर लिहिते. खरा वापर २ कोटींच्या आसपास असताना सव्वा गिगाबाइटहून अधिक डेटा तुमच्या नावावर चढतो! वीज वारंवार जाणाऱ्या भागात हे विशेष ध्यानात ठेवावे.

यावर उपाय फार पूर्वीच निघाले. ६४ बिटांचा गणक सेकंदाला १ गिगाबिट वेगानेही सुमारे ४,७०० वर्षांनी फिरतो. ग्राहकांच्या वापराची नोंद पाठवणाऱ्या रेडियस या पद्धतीत ‘चाक किती वेळा फिरले’ हे सांगणारा वेगळा रकाना २००० साली आला. पण उपाय असणे आणि प्रत्येक यंत्रात तो नीट बसवलेला असणे, या दोन गोष्टी वेगळ्या.

वर्गात करून पाहा

फरक आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. फरकाची तऱ्हा पाहावी लागते. त्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. महिनाअखेरीस शिल्लक डेटा असेल तेव्हा तो करा.

१. पाच दिवस रोज ठरावीक वेळी कंपनीच्या पानावरचे वापराचे वाचन लिहून घ्या.

२. पहिल्या दिवशी काहीही उतरवू नका. पुढच्या चार दिवसांत अनुक्रमे सुमारे १, २, ३ आणि ४ गिगाबाइटच्या नव्या फायली उतरवा. विंडोज दाखवते तो आकार लिहा. इतर वापर होऊ देऊ नका.

३. आडव्या अक्षावर फायलींचा आकार, उभ्या अक्षावर कंपनीने दाखवलेला त्या दिवसाचा वापर, असा आलेख काढा.

बिंदू एका सरळ रेषेवर आले, तर मीटर सुसंगत आहे. रेषेचा चढ १.०४ च्या आसपास असेल, तर दोघांचे एकक एकच आहे आणि फरक पाकिटांचा आहे. चढ १.१२ च्या जवळ असेल, तर कंपनी दशमान एकक वापरते. रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदत असेल, तर तेवढा वापर तुमची यंत्रे रोज परस्पर करत आहेत. आणि एखादाच बिंदू रेषेपासून दूर उडाला असेल, तर मात्र संशयाला जागा आहे. त्या दिवशी वीज गेली होती का? तफावत ४.२९ च्या जवळ आहे का? हे तपासा. प्रमाणात वाढणारा फरक, कायम राहणारा फरक आणि अचानक उडी मारणारा फरक, यांची कारणे वेगवेगळी असतात. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणाला हेच लागू आहे.

माप कोण तपासणार?

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात जनतेसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा मोजणी तासांची होती. भिंतीवरच्या घड्याळावरून ग्राहकालाही ती पडताळता येई. पुढे ब्रॉडबँड आले आणि मोजणी बाइटवर गेली. भारत संचार निगमच्या सुरुवातीच्या २५० रुपयांच्या योजनेत महिन्याला ४०० मेगाबाइट मिळत आणि वरच्या प्रत्येक मेगाबाइटला पैसे पडत. माप सूक्ष्म झाले, पण ते विकणाऱ्याच्या हाती राहिले.

वाण्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि ग्राहक ते मागू शकतो. बाइटच्या गणकावर असा शिक्का नसतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मीटर आणि बिल यांच्या अचूकतेसाठी २००६ साली नियम केले. त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यांनुसार कंपन्यांच्या मोजणी-प्रणालीचे लेखापरीक्षण होते. ते संपूर्ण प्रणालीचे असते. एका शाळेच्या एका महिन्याची शंका शाळेलाच मांडावी लागते. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून क्रमांक घ्यायचा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचे.

तक्रार करताना ‘तुमचा मीटर चुकतो’ एवढेच लिहिले, तर उत्तरही तितकेच मोघम येईल. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. मोजता कोठे? पाकिटासकट की नुसता माल? कोणत्या गिगाबाइटने? आणि दिवस व महिना कोणत्या क्षणी बदलता? सोबत विद्यार्थ्यांनी काढलेला आलेख जोडा. एकक, मोजण्याची जागा आणि वेळ सांगितल्याशिवाय कोणतेही मापन पुरे होत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. ते सांगण्याची मागणी करणे हाही विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे.